मोठ्या टेबलासाठी सारण

मार्लिस बॉम्बर्गर सोळा वर्षांची झाली होती, तिला गाडी चालवायचा परवाना मिळाला होता, आणि ऑक्टोबरात तर तिने जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत जमिनीची धूप या विषयावर बोलून पहिला नंबर काढला होता. परीक्षकांपैकी एकाने डोळे पुसले होते. तरीही थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला मार्लिस बसायची ती धुण्याच्या मशिनला पाठ लावून.

वर्ना आत्याच्या घरी मोठं टेबल एकच. त्याभोवती घरातली सगळी मोठी माणसं, त्यांची मतं आणि त्यांची कोपरं एवढं दाटीवाटीने बसायचं. उरलेल्यांसाठी धुण्याच्या खोलीत पत्ते खेळायचं घडीचं टेबल उघडलं जायचं. ते डुगडुगायचं. त्यावर कागदी ताटल्या, आणि सोबतीला मार्लिसची लहान आत्ते-चुलत भावंडं, ज्यांची चर्चा नाकात किती वाटाणे मावतात याच्यापुढे कधी गेलीच नाही. जमिनीची धूप तिथे कुणाला सांगणार?

मोठ्या टेबलाचा नियम वर्ना आत्याने केलेला होता, आणि तो कुठे लिहिलेला नसल्यामुळे मोडायची सोय नव्हती. जो भांडं आणेल त्याला खुर्ची. भांड्यातला पदार्थही असा हवा की लोकांनी तो पुढल्या वर्षी आपण होऊन मागावा. चुलत बहीण जोलीनने कोबीची आंबटगोड कोशिंबीर आणली आणि ती खुर्चीवर बसली. मार्लिसने गेल्या वर्षी जेलीत संत्र्याच्या फोडी गोठवून नेल्या होत्या. त्या जेलीला धुण्याच्या खोलीत जागा मिळाली, मार्लिसच्या शेजारी.

यंदा मात्र दोन गोष्टी घडल्या. जोलीन ओहायोला राहायला गेली, म्हणजे एक खुर्ची रिकामी झाली. आणि वर्ना आत्या ओल्या पानांवरून घसरून उजवं मनगट मोडून बसली, म्हणजे पावाच्या सारणाला हात उरला नाही.

टर्की दर वर्षी थोडी कोरडी होते आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. टर्की निमित्ताला असते. बॉम्बर्गर मंडळी जेवायला येतात ती सारणासाठी. हे सारण खरं म्हणजे टर्कीच्या पोटात भरायचं, पण एवढ्या माणसांना पुरेल असं पोट कुठल्या टर्कीला असणार? म्हणून ते वेगळ्या दांडग्या भांड्यात घालून भट्टीत भाजतात. वरून तांबूस खरपूस, आतून मऊ आणि केशराने पिवळंधमक.

"सारण कोण करणार?" रविवारी चर्चहून येताना मार्लिसच्या स्वयंपाकघरात शिरून वर्ना आत्याने विचारलं आणि प्लास्टरमधला हात पुराव्यासारखा टेबलावर ठेवला.

मार्लिसची आई खिडकीबाहेर बघायला लागली. बाबा, म्हणजे गेलन बॉम्बर्गर, बुटाची नाडी बांधायला वाकले. त्यांच्या पायात नुसते मोजे होते.

"मी करते," मार्लिस म्हणाली.

"तू?" त्या एका अक्षरात संत्र्याची अख्खी जेली होती.

"मीच. आणि भांडं खरवडून रिकामं झालं तर जोलीनची खुर्ची माझी. कायमची."

"आणि नाही झालं तर?"

"तर लग्न होईपर्यंत मशिनपाशी बसेन."

"लग्नानंतरही," आत्या म्हणाली. "नवऱ्यासकट."

सौदा ठरला. मग मार्लिसने कृती विचारली.

"पाव किती घ्यायचा, आत्या?"

"लागेल तेवढा."

"दूध?"

"पाव मागेल तेवढं."

"आणि केशर?"

"कळेल इतकं. पण कुणी विचारू नये इतकं."

एकाच बाबतीत आत्या निःसंदिग्ध होती. "पाव वाऱ्यावर वाळवायचा. भट्टीत नाही! भट्टीत घातला की त्याचा टोस्ट झाला, आणि टोस्टला दूध पाजलं की लगदा. मी एका घासात ओळखीन हं, कार्टे."

सोमवारी मार्लिसने पाव आणले, त्यांचे चौकोनी तुकडे केले आणि स्वयंपाकघरातली प्रत्येक आडवी जागा व्यापली. मग आईला चहा ठेवायला जागा उरली नाही. म्हणून ओट्यावरची पावाची ताटं खुर्च्यांवर गेली, आणि खुर्च्यांची उंची वॅफल्स नावाच्या त्यांच्या कुत्र्याला नेमकी सोयीची होती. वॅफल्सने दोन ताटं साफ केली आणि तिसऱ्याशेजारी झोपून घोरायला लागला. उरलेला पाव मार्लिसने मागच्या अंगणात हलवला. मक्याचं कापलेलं शेत तिथपर्यंत येतं, आणि नोव्हेंबरात त्यावरून असा खणखणीत कोरडा वारा सुटतो की ओला टॉवेलसुद्धा ताठ उभा राहावा. खिडक्यांच्या जुन्या जाळ्या घासूनपुसून तिने बाबांच्या सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर आडव्या टाकल्या, त्यावर पाव पसरला, वर जुना टेबलक्लॉथ घातला आणि त्याला कपड्यांचे चिमटे लावले. ही अभियांत्रिकी तिची स्वतःची होती आणि तिला तिचा रास्त अभिमान होता.

कुंपणापलीकडून एलवुडकाका राउख बघत होते. एलवुडकाका बटाटा पक्षाचे. त्यांच्या गावात, क्लाइन्सव्हिलमध्ये, कुणी कुणाला मत दिलं हे विचारणं असभ्य समजतात, पण तुमच्याकडे सारण पावाचं की बटाट्याचं हे ओळख झाल्याझाल्या विचारून घेतात.

"नुसता पाव का गं?"

"हो, काका."

"कुस्करलेला बटाटा अजिबात नाही?"

"चमचाभरसुद्धा नाही."

"मग तो ओला पाव झाला, पोरी. बटाट्याशिवाय सारणाला कणा नसतो."

"बटाट्याला कणा असतो का, काका?"

"थेट आत्यावर गेलीस," एलवुडकाका म्हणाले. हे कौतुक नव्हतं.

मंगळवारी मार्लिस शाळेतून परतली ती उड्या मारतच. वाळलेल्या पावाचा कुडुम आवाज तिला वाटेतच ऐकू यायला लागला होता. तो खरोखरच येत होता. मागच्या अंगणात एक हरिणी आणि तिची दोन दांडगी पाडसं जाळ्यांभोवती उभी राहून, लग्नातल्या पंगतीसारखी निवांत, कुडुमकुडुम पाव खात होती. टेबलक्लॉथ हरिणीच्या खुराखाली होता. एक चिमटा पाडसाच्या कानाला होता, आणि तो त्याला शोभत होता.

मार्लिस ओरडली. पंगत उठली, पण धावली नाही. रमतगमत शेतात गेली आणि वळून बघत उभी राहिली, आता गोड काय आहे अशा चेहऱ्याने.

अर्धा पाव उरला होता. अर्ध्याचं काहीतरी करता आलं असतं. पण तेवढ्यात दारात हिरवी गाडी थांबली आणि वनरक्षक शाउप उतरले. टोपी, पट्टा, टॉर्च, आणि कुणीतरी गेल्यासारखा चेहरा.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. शिकारीचा मोसम शनिवारी सुरू होणार होता, आणि मोसमाच्या तोंडावर हरणांना खायला घालून आपल्या शेताकडे वळवणं हा त्या भागात गुन्हा आहे. मोठ्या शिंगांचं एक हरीण गेली तीन वर्षं बाबांना आणि एलवुडकाकांना सारखीच हुलकावणी देत होतं. तेव्हा गेलन बॉम्बर्गरच्या अंगणात हरणांना ताटं वाढलेली पाहून एलवुडकाकांनी फोनकडे धाव घेतली, यात आश्चर्य काहीच नव्हतं. संताप मात्र होता.

"हे काय आहे?" शाउपसाहेबांनी जाळीकडे बोट दाखवलं.

"सारण," मार्लिस म्हणाली.

"कुणासाठी?"

"माझ्या घरच्यांसाठी."

"मग हरणं कशी खात होती?"

"आमंत्रण नसताना!"

बाबा मागे उभे होते. मोसमाच्या तोंडावर शिकारीचा परवाना जाणार या विचाराने त्यांचा रंग त्या पावासारखाच झाला होता. मार्लिस पुढे झाली, एक हात छातीशी नेला (स्पर्धेत या हालचालीला वेगळे गुण होते), आणि वर्ना आत्याचं मनगट, धुण्याची खोली, वाटाणे आणि मानवी प्रतिष्ठा या क्रमाने बोलली. शाउपसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"सेजची पानं किती घालणार?"

"सेज नाही. केशर."

"केशर!" साहेबांनी टोपी काढली. "माझी आई सेज घालायची. मूठभर." मग त्यांना आपल्या पदाची आठवण झाली आणि त्यांनी टोपी पुन्हा घातली. "तुझं खरं वाटतंय मला. पण तक्रार आलीये, म्हणजे माल ताब्यात घेणं आलं. वरचे साहेब बघतील आणि सोडतील."

"कधी?"

"सोमवारी. आता सुट्टीच लागतेय ना."

"साहेब, जेवण गुरुवारी आहे!"

"हो, माझ्याकडेही," शाउपसाहेब सहानुभूतीने म्हणाले, आणि मार्लिसचा पाव पिशवीत भरून, पिशवीला चिठ्ठी लावून घेऊन गेले. जाता जाता बाबांना बजावून गेले, "शनिवारच्या आत इथे एक चुरासुद्धा दिसता कामा नये."

गवतातून पावाचा चुरा कसा वेचतात हे ज्याला माहीत नाही त्याने माहीत करून घेऊ नये. बाबा गुडघ्यांवर. मार्लिस कंगवा घेऊन. शेवटी आईने आतून लांब वायर ओढत आणली आणि नोव्हेंबरच्या हिरवळीवर व्हॅक्यूम क्लीनर फिरवायला सुरुवात केली. पायात सपाता, अंगावर बाबांचा शिकारीचा भडक नारिंगी कोट. रस्त्याने जाणाऱ्या गाड्या हळू होत होत्या. क्लाइन्सव्हिलमध्ये बॉम्बर्गर हे नाव आजवर टापटीपपणाबद्दल घेतलं जात होतं, पण इतक्या टापटीपपणाबद्दल नव्हे. कुंपणापलीकडे एलवुडकाकांचा पडदा हलला आणि घाईघाईने स्थिर झाला.

बुधवारी दुकानात पावाच्या फळीवर फक्त फळी होती. तयार तुकड्यांची एक पिशवी होती, मसाला लावलेली, पण ती घरात आणली असती तर आत्याला तिच्या घरून वास आला असता. मार्लिस परत आली, गाडी लावली आणि घरात न जाता तडक एलवुडकाकांचं दार वाजवलं.

"काका, तुम्ही माझा पाव अटकेत घातलात."

"मला वाटलं, गेलन..." एलवुडकाका चपलांकडे बघत म्हणाले. "चुकलंच माझं. व्हॅक्यूम बघितला मी."

"सगळ्या गावाने बघितला. आता मला पाव हवाय."

"माझ्याकडे कुठला पाव? मी बटाट्याचा माणूस."

पण हे म्हणताना त्यांनी फ्रीझरकडे बघायला नको होतं. मार्लिसने फ्रीझर उघडला. आत पिशव्याच पिशव्या. वर्षभराच्या पावांची टोकं, नीट साठवून ठेवलेली.

"काका! तुमच्या बटाट्याच्या सारणात पाव असतो?"

एलवुडकाकांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "थोडासा. आधाराला."

"म्हणजे कणा."

"कुणाला सांगू नकोस गं."

"नाही सांगत. पिशव्या द्या." मार्लिस दारापर्यंत गेली आणि थांबली. ओट्यावर एकाच माणसाच्या जेवणाचं गोठवलेलं खोकं काढून ठेवलं होतं, त्यावर टर्कीचं चित्र. काकांची मुलगी ॲरिझोनात असते हे तिला ठाऊक होतं. "उद्या आमच्याबरोबर जेवायला चला, काका. वर्ना आत्याकडे," ती म्हणून गेली, आणि मन किती मोठं आहे आपलं, असं वाटत घरी आली.

"तू त्यांना बोलावलंस?" आई म्हणाली. "अगं, रिकामी खुर्ची एकच आहे."

मार्लिसच्या हातातून पिशवी पडली. पाहुण्याला धुण्याच्या खोलीत बसवायची रीत कुठेच नाही, आणि दिलेलं आमंत्रण परत घ्यायची तर नाहीच. म्हणजे सारण बिघडलं तरी मशीन, आणि जमलं तरी मशीन! पण एव्हाना पाव वितळायला लागला होता, आणि वितळणारा पाव कुणाच्या दुःखासाठी थांबत नाही.

तो वाळवायचा कसा? बाहेर हरणं, आत वॅफल्स, भट्टीला बंदी. मार्लिसने आईच्या गाडीकडे बघितलं. सगळ्या सीटवर ताटं मांडली, डॅशबोर्डवरही मांडली, हीटर पूर्ण सोडला, काचा बोटभर उघड्या ठेवल्या आणि स्वतः ड्रायव्हरच्या जागी राखणीला बसली. वारा तर होता! तो इंजिनातून येतो की शेतावरून, हे पावाला कुणी सांगायचं? तासाभरात तिचे गाल टर्कीसारखे भाजले होते. तेव्हा काचेवर टकटक झाली.

शाउपसाहेब होते. त्यांनी सीटवरची ताटं बघितली, डॅशबोर्डवरची बघितली.

"हरणांना घरपोच सेवा सुरू केलीस की काय?"

"साहेब, गाडीत हरीण मावत नाही. शोधून बघा."

"सांगायला आलो होतो की तक्रार मागे घेतली गेलीये. तुझ्या शेजाऱ्याचा सकाळी फोन आला. पाव मात्र वरच्या साहेबांच्या कपाटात आहे, तो सोमवारीच सुटेल." त्यांनी एक तुकडा उचलला, बोटांत मोडला, कान लावून ऐकलं. "अजून थोडा. आणि सेज घाल गं."

गुरुवारी सकाळी मार्लिसने लोणी वितळवलं. कांदा आणि सेलरी त्यात मऊ केली. अंडी फेटली, कोमट दुधात केशर चुरडलं, आणि पावाला तो मागेल तेवढं दूध पाजलं. पाव खरंच मागतो. थांबतोही. हे तिला कळलं त्या क्षणी ती इतकी खूश झाली की चमच्याने ओट्यावर ताल धरला. आणि त्याच क्षणी तिला दुधात फुगलेला पहिला बेदाणा दिसला.

एलवुडकाकांच्या टोकांत बेदाण्यांच्या पावाची टोकं होती. आता सगळंच पिवळं झालेलं, कुठला तुकडा कुठल्या पावाचा कोण सांगणार? तिने आईचा भुवयांचा चिमटा घेतला आणि शोधमोहीम काढली. वाटीभर निघाले. उरलेल्यांना तिने मनातल्या मनात हात जोडले आणि भांडं भट्टीत सरकवलं.

आत्याच्या घरापर्यंत ते गरम भांडं तिने टॉवेलात गुंडाळून मांडीवर नेलं. बाबांनी प्रत्येक वळण असं घेतलं की मागे गाड्यांची वरात लागली. एलवुडकाका मागच्या सीटवर इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, आणि वास घेत होते, पण तो चोरून.

आत्याने एलवुडकाकांना बघितलं. बटाटा पक्षाचा माणूस तिच्या उंबऱ्यात पहिल्यांदाच आला होता. "या, बसा," ती म्हणाली, आणि ते जोलीनच्या खुर्चीवर बसले. मार्लिसने बघून घेतलं. मग मान ताठ करून भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं, झाकण काढलं, वाफ वर गेली, आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. धुण्याच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, "मार्लिस, ये ना! जिमीच्या नाकात चार गेले!"

आत्याने डाव्या हाताने चमचा खुपसला. वरचा पापुद्रा कुरकुरला. पहिला घास. मोठ्या टेबलावर कुणीही जेवायला सुरुवात केली नाही. आत्या चावत होती. मध्येच थांबली, जिभेवरून काहीतरी काढून ताटाच्या काठावर ठेवलं.

"हा बेदाणा आहे."

"हो," मार्लिस म्हणाली.

"आपल्या सारणात बेदाणा नसतो."

"यंदा आहे."

"कल्पना कुणाची?"

एलवुडकाकांनी तोंड उघडलं. पण मार्लिस भिंतीपासून पुढे आली, आणि जिल्ह्यात पहिल्या आलेल्या आवाजात म्हणाली, "माझी!"

आत्याने तिच्याकडे बघितलं. मग बेदाण्याकडे बघितलं. मग तो उचलून परत तोंडात टाकला आणि चमचा पुन्हा भांड्याकडे नेला, आणि या वेळी तो कोपऱ्यात खुपसला, जिथे खरपूसपणा सर्वांत जास्त असतो.

"हं," ती म्हणाली.

वर्ना आत्याचं "हं" म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. तिच्या लग्नात पाद्रीबाबांनाही एवढंच मिळालं होतं. टेबलाभोवती एकदम चमचे उठले. त्यानंतर काही वेळ फक्त खरवडण्याचा आवाज होता. एलवुडकाकांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि खाली मान घालून पुटपुटले, "कणा आहे."

भांडं असं रिकामं झालं की धुवायला घेणाऱ्याला काम उरलं नसतं. मार्लिसने ते सगळ्यांना दिसेल असं तिरकं धरलं. सौदा जिंकला होता. फक्त खुर्ची नव्हती.

"काका, तुम्ही बसा," एलवुडकाका उठायला लागले तसं तिने घाईने म्हटलं. "मी तिकडे..."

"तू कुठे चाललीस?" आत्या म्हणाली. "ते बसतील. पाव त्यांचा आहे, मला कळत नाही होय? बेदाण्याचा पाव या गावात त्यांच्याशिवाय कोण खातं?" मग तिने टेबलाभोवती एकेकाकडे बघत नजर फिरवली, आणि ती आपल्या धाकट्या भावापाशी येऊन थांबली. "गेलन, तू काय आणलंस?"

बाबांचा चमचा हवेतच राहिला. "मी? मी गाडी चालवत आणली."

"ती वाढता येते का?"

"वर्ना, मी एकावन्न वर्षांचा आहे!"

"एकावन्न वर्षांत एक भांडं आणलं नाहीस. ऊठ."

बाबा उठले. ताट घेतलं, बायकोकडे आशेने बघितलं. ती शेंगा वाढून घेण्यात गढली होती. मग ते धुण्याच्या खोलीत गेले आणि तिथे जल्लोष झाला, कारण बाबांच्या नाकपुड्या खानदानात सर्वांत मोठ्या होत्या.

मार्लिस खुर्चीवर बसली. खुर्ची डुगडुगत नव्हती. समोर चिनीमातीची ताटली होती, कापडी रुमाल होता. शेजारी बसलेले वर्ना आत्याचे यजमान, आयरा आतोबा, तिच्याकडे वळले, गळ्यातला रुमाल सारखा केला, आणि एका मोठ्या माणसाने दुसऱ्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "तर मार्लिस, माझ्या मुतखड्याचं तुला पहिल्यापासून सांगतो."

"सांगा, आतोबा," मार्लिस म्हणाली. तिने दोन्ही कोपरं टेबलावर ऐसपैस ठेवली, आणि तो मुतखडा शेवटच्या कणापर्यंत ऐकून घेतला.